फेसाचा हंगाम

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की आमच्या बारामतीत कपडे वाळत घालायची पंचाईत सुरू होते. आसपासच्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि पांढऱ्या चादरींवर काजळीचे बारीक तंतू येऊन बसतात. झटकावं तर पसरतात, पुसावं तर काळी रेघ उमटते. आमच्या गल्लीतल्या बायका कारखान्यांना मनसोक्त शिव्या घालतात आणि आत जाऊन त्याच साखरेचा चहा टाकतात. मीही त्यातलीच. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागतात, ट्रॅक्टरवाल्यांची गाणी कानठळ्या बसवतात, चाकाखाली आलेल्या कांड्यांचा रस डांबरावर चिकट होतो, आणि मळीचा आंबूस वास संध्याकाळी घरात शिरतो. या वासावर लोकांचं प्रेम आहे. हंगाम सुरू झाला, म्हणजे चार घरांत चूल नीट पेटणार, असा त्याचा अर्थ.

मला मात्र त्या वासामागून दुसराच एक वास येतो. जळालेल्या पेट्रोलचा, भिजलेल्या मातीचा, आणि साबणासारखा पण साबणाचा नव्हे असा. दर वर्षी येतो. इतकी वर्षं झाली, निवृत्त होऊन घरी बसले, तरी दर हंगामाला नाक आपलं काम चोख करतं. बाकीच्या अवयवांनी एवढी हजेरी लावली असती तर गुडघे तरी धड राहिले असते.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. पाणी आणि माती तपासणाऱ्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. काही कामानं इंदापूरला गेले होते आणि एसटीनं परत निघाले होते. डाळज गावाच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर हमरस्त्यावर वळत होता, त्याला चुकवायला गेलेला पेट्रोलचा टँकर कलंडला आणि पेटला. ऊसतोडीच्या माणसांनी ड्रायव्हरला ओढून बाहेर काढलं होतं. तो बांधावर बसला होता आणि पटका बांधलेला एक म्हातारा त्याला तांब्यानं पाणी पाजत होता. आम्ही सगळे उतारू खाली उतरून पाहत उभे. माणसाला दुसऱ्याची आग बघायला आवडते, हे लाजिरवाणं खरं आहे.

मग बंब आला. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारून चालत नाही, आग पाण्यावर तरंगत पुढे सरकते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ती कशानं विझते ते त्या दिवशी पाहिलं. नळीतून पांढराशुभ्र फेस निघाला आणि गोधडी पांघरावी तसा ज्वाळांवर पसरत गेला. बघता बघता आग गुदमरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तोडणीवाल्यांची पोरं फेसात नाचली, हनुवटीला दाढ्या लावून हिंडली. उरलेला फेस रस्त्याकडेच्या चारीतून ओढ्यात, ओढ्यातून खालच्या रानाकडे निघाला. उन्हं कलली होती, फेसावर निळेजांभळे रंग चमकत होते. दृश्य सुंदर होतं, हे कबूल केलंच पाहिजे.

पुढे काही दिवसांनी तोच पटकेवाला म्हातारा प्रयोगशाळेच्या दारात उभा. हातात दुधाची किटली. सगळे त्याला तात्या म्हणायचे, म्हणून मीही तात्याच म्हटलं. वडिलांच्या काळापर्यंत यांच्या घरात मेंढरं होती, पावसाळा संपला की घरदार पाठीवर टाकून कोकणात उतरायचं. तात्यांनी मेंढरं सोडली, विहीर पाडली, ऊस लावला. विहिरीला गोड पाणी लागलं. उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी हाकेच्या अंतरावर होतं, पण हिरवं, तोंडाजवळ नेलं तरी वास मारणारं. त्यामुळे सगळी वस्ती तात्यांच्या विहिरीवर पाणी भरायची. ओढा त्या विहिरीला खेटूनच होता.

"बाई, मोटार चालू केली की हौदात फेस येतुया," तात्या म्हणाले. "वास न्हाय. चव गोडच हाय. पर सून पोटुशी हाय माझी. पाणी प्यावं का न्हाय, येवढं सांगा."

येवढं सांगा. एवढंच तर विचारत होते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तेच विचारायचं असतं आणि आम्ही बहुतेकांना ते सांगूही शकायचो. क्षार बघितले, नायट्रेट बघितलं, जंतू बघितले. पाणी उत्तम. तेलाचा तवंगही नाही. मला संशय त्या फेसाचा. बंबवाल्यांनी काही मागे टाकलंय का, असं विचारलं. तात्यांनी पुढच्या खेपेला एक मोकळा प्लॅस्टिकचा कॅन आणला. गावाकडे चांगल्या झाकणाची वस्तू रस्त्यावर पडून राहत नाही. त्यांनी तो डिझेल ठेवायला नेला होता. अर्धवट फाटलेल्या चिठ्ठीवर इंग्रजी अक्षरं होती, त्यातलं 'फ्लोरो' एवढं लागलं.

फ्लोरिन म्हटल्यावर मला हायसं वाटलं. फ्लोराइडची तपासणी आमच्या हातचा मळ. लाल द्रावणात पाणी टाकायचं, फ्लोराइड असेल तसा रंग फिका पडतो. तात्यांच्या पाण्यानं रंग इतर विहिरींच्या पाण्यापेक्षा जराही जास्त फिका केला नाही. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमची तपासणी मोकळ्या फ्लोराइडची. या फेसातलं फ्लोरिन कार्बनला असं घट्ट धरून बसलेलं, की ऊन, पाणी, जंतू, कुणाच्यानं ते सुटत नाही. खानेसुमारीवाल्यानं घरोघर जाऊन 'एकटं कोण राहतं' एवढंच विचारावं, तर संसारी माणूस यादीत येईलच कसा?

आमचे साहेब, इनामदार सर, चांगले रसायनशास्त्री होते. चांगले आणि दमलेले. ते म्हणाले, "निळ्या रंगाची तपासणी करून बघ." फेस करणारं काही पाण्यात असेल तर निळा रंग त्याच्यासोबत क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो. उतरला, थोडासा. मी आनंदानं सांगायला गेले तर सर म्हणाले, "विहिरीवर धुणं धुतात?" धुतात. मग धुण्याच्या पावडरीचाही हाच रंग.

उरला एक मार्ग. पाणी आटवायचं, खाली राहिलेला साका प्राणवायू भरलेल्या चंबूत जाळायचा, म्हणजे ती घट्ट मिठी जाळून सोडवायची आणि मग मोकळं झालेलं फ्लोराइड मोजायचं. ऐकायला सोपं. पण विहिरीच्या पाण्यात मुळातच थोडं साधं फ्लोराइड असतं, ते वजा करायचं. म्हणजे उसानं भरलेली ट्रॉली काट्यावर घालायची आणि वर बसलेल्या माणसाच्या खिशातल्या शेंगदाण्यांचं वजन काढायचं. त्यात हे रसायन जळायलाही तयार नाही. आग विझवायलाच जन्माला आलेलं, ते आगीत कसलं शहाण्यासारखं वागतंय!

तरी मी चिकाटीनं केलं. आकडा आला. नाचायचीच बाकी होते. मग शिस्त म्हणून आमच्याच शुद्ध पाण्यावर तोच सगळा खटाटोप केला आणि तिथेही जवळपास तोच आकडा आला. ज्यात काहीच नसायला हवं त्या पाण्यात विहिरीइतकंच. मी स्वतःला चार शिव्या दिल्या, भांडी आम्लात बुडवली, पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी एका दुपारी डबा खाताना नजर शुद्ध पाण्याच्या नळावर गेली. गळू नये म्हणून नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली होती. टेफ्लॉनची. टेफ्लॉन त्याच गोत्रातलं, कार्बनला धरून बसलेल्या फ्लोरिनचं. द्रावण ढवळायची गोळी टेफ्लॉनची, बाटलीच्या झाकणातली चकती टेफ्लॉनची, द्रावण मोजून सोडायच्या नळीची चावीसुद्धा टेफ्लॉनची. प्रयोगशाळेतल्या ज्या वस्तू आम्ही सर्वांत स्वच्छ म्हणून वापरत होतो, त्या सगळ्या त्याच घराण्यातल्या. कुंपणच शेत खात होतं. मला हसू आलं आणि मग हसता हसता भीती वाटली.

सगळं बदललं. कपाटातल्या जुन्या काचेच्या चाव्या बसवल्या, हातानं ढवळलं, नळाला सुताचा दोरा गुंडाळला. आमचं शुद्ध पाणी शुद्ध झालं. मग तात्यांकडून नवं पाणी मागवलं, आणि त्यात काही म्हणजे काही निघालं नाही. तात्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की मला वाटलं, झालं, सुटलो. पण एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून मी डाळजला गेले.

तात्यांची सून सुमन हौदापाशी वाट बघत होती. विशीतली, गोल चेहऱ्याची, पोट दिसायला लागलेलं. "मागच्या खेपेला पाणी कसं भरलंत?" असं मी तिला विचारलं.

"चांगलं भरलं की," ती म्हणाली. "फेस बाजूला सारला, पाणी जरा निवळू दिलं, मग धुतलेल्या फडक्यानं गाळून भरलं. मामंजींनी सांगितलं व्हतं, बाईंच्या हातात घाण पाणी द्यायचं न्हाय."

तात्या अभिमानानं मान हलवत होते. परक्याच्या हाती पाणी द्यायचं ते गाळून, ही त्यांच्या घराची रीत. आणि या रसायनाची रीत अशी, की ते पाण्याच्या पाठीवर बसतं आणि सगळ्यांत जास्त फेसात सापडतं. मला मोजायचं होतं तेच त्यांनी माझा मान राखण्यासाठी हातानं बाजूला काढलं होतं. रागवायचं तरी कुणावर? मी वाकून स्वतः फेस भरून घेतला.

त्या फेसात आकडा निघाला. आमच्या शुद्ध पाण्यापेक्षा स्पष्ट उंच, दोनदा केलं तरी उंच. मी धावत सरांकडे गेले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"फेसात आहे, मान्य," ते म्हणाले. "पाण्यात किती?"

"तेवढं बारीक मोजायची सोय आपल्याकडे नाही, सर."

"आणि किती असलं म्हणजे वाईट?"

आमच्या कपाटातल्या पुस्तकांत शिशापासून सायनाइडपर्यंत सगळ्यांच्या मर्यादा होत्या. या पदार्थाचं नावच कुठे नव्हतं. सरांनी पत्रं पाठवली, मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांना विचारलं. दोघांनी उत्तर दिलं नाही, एकांनी साध्या फ्लोराइडची मर्यादा कळवली. मला त्या दिवसांत फार एकटं वाटायचं. खिडकीबाहेर ट्रॉल्यांची रांग, काजळी आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद, आणि समोर एक आकडा, ज्याच्या शेजारी ठेवायला जगात दुसरा आकडा नाही.

हल्ली म्हणे अशी यंत्रं आली आहेत, की तलावात पडलेला चिमूटभर पदार्थही ती शोधून काढतात. भाचा मोबाइलवर वाचून दाखवतो. ही रसायनं पावसात सापडली, ध्रुवाकडच्या अस्वलांच्या रक्तात सापडली, आपल्याही रक्तात असणार. आता अडचण उलटीच झाली आहे म्हणतात. तुलनेसाठी ज्यात ती अजिबात नाहीत असं पाणी, असं रक्त आणायचं कुठून? वरातीमागून आलेलं घोडं, आणि तेही वाट पुसतंय. तात्यांची विहीर रस्ता रुंद झाला तेव्हा मुरुमानं बुजवली. तिच्यावरून आता गाड्या सुसाट जातात. त्या पाण्यात किती होतं, हे कळायची शक्यता तिथेच संपली. मला याचं दुःख होतं. एखाद्याचा चेहरा आठवावा आणि नाव कधीच कळू नये, तसं काहीसं.

पण तेव्हा विहीर होती, आणि हंगाम सरत आला तरी तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतंच. मी पुन्हा डाळजला गेले. ऊस तुटून रान मोकळं झालं होतं, पाचट जाळल्याचा वास सगळीकडे. हौदावरचा फेसही बराच कमी झाला होता.

"तात्या, पाण्यात काहीतरी आहे," मी म्हणाले. "किती ते मला मोजता येत नाही. त्यानं काय होतं तेही नक्की माहीत नाही. पण मी तुमच्या जागी असते तर प्याले नसते."

तात्या खाली बसले. काडीनं मातीत रेघा ओढल्या.

"म्हंजी बाई, तुमाला दिसत न्हाय म्हणून न्हाय, असं न्हाय."

"नाही तसं."

"मंग आमच्या रितीनं बघू." ते उठले. "आमी मेंढरं घिऊन परमुलखात जायचो, तवा अनवळखी पाण्यावर आदी म्हातारी मेंढी सोडायचो. तिला काय झालं न्हाय तर मंग मेंढरांचं समदं खांड पाण्यावर. आता हितं म्हातारं कोन हाय? मीच की."

मी हात जोडले. असं नका करू म्हणाले. ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या बाटल्या थकल्या, आता माझं प्वाट बघू द्या." त्या दिवसापासून घरच्यांना आणि वस्तीला हमरस्त्यावरच्या हापशीचं पाणी आणि तात्यांना एकट्याला विहिरीचं, असं ठरलं. सुमननं बाळंतपणाआधी आणि नंतरही डोक्यावर हंडे वाहिले. मुलगा झाला. मला पेढे आले.

तात्यांना काही झालं नाही. ताप नाही, जुलाब नाही, अंगावर पुरळ नाही. उन्हाळा गेला, पाऊस गेला, पुढचा हंगाम आला आणि गेला. म्हातारा ठणठणीत. फेस तर कधीच नाहीसा झाला. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या मेंढरांना विषारी पाण्यापासून वाचवणारी ती रीत, आणि तिच्यात चूक कुठे होती? नव्हतीच. तिला ठाऊक असलेली सगळी विषं उतावळी होती. हे विष सावकाश काम करणारं असेल, अंगात साठत राहणारं असेल, तर म्हातारी मेंढी त्याआधी आपल्या मरणानं मरून जाईल, हे त्या रितीला कुणी सांगितलं होतं?

त्यानंतरचा हंगाम ऐन भरात असताना तात्यांनी मला मुद्दाम बोलावलं. गेले. अंगणात सारवण ताजं होतं. तात्यांनी दंड थोपटून दाखवले.

"बगा बाई, हाय का काय मला? हापशी आटली, दिवाळीपासनं समदी हिरीचंच पितोय. पोरगं बी."

"तात्या, हे असं लगेच दिसत नाही."

"मंग कवा दिसतं?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यांना खरोखर विचारायचं होतं. तेवढ्यात सुमननं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. गार, नितळ, तळ दिसेल असं पाणी. उन्हातून आले होते, घसा सुकला होता. सुमन समोरच उभी राहिली. तिची नजर तांब्यावर होती, माझ्या हातावर होती. मी तांब्या उचलला. थोडा वेळ हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

तात्या बांधाकडे बघत उसाविषयी काहीतरी सांगत होते, त्यांना दिसलं नाही. सुमनला दिसलं. पायाशी तिचं पोरगं बसलं होतं, दोन्ही हातांनी फुलपात्र धरून पाणी पीत. तिनं वाकून ते त्याच्या हातातून काढून घेतलं. पोरानं भोकाड पसरलं. तिनं हमरस्त्याकडे, आटलेल्या हापशीकडे पाहिलं, पलीकडे चमकणाऱ्या हिरव्या फुगवट्याकडे पाहिलं. पोराला तिनं थोडा वेळ रडू दिलं. मग खाली बसली आणि ते फुलपात्र स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडाला लावलं.